एक, दोन, तीन, पाच… आणि पुढे?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीची प्रश्नपत्रिका असते आणि त्या प्रश्नपत्रिकेत संख्यामालिका असतातच. चार-पाच आकडे ओळीने दिलेले असतात, शेवटी प्रश्नचिन्ह असते आणि त्या जागी येणारी संख्या आपण शोधायची असते. २, ४, ६, ८ अशी मालिका असली, तर पेन्सिल उचलण्याआधीच उत्तर तयार असते. आता पुढील मालिका पाहा :

१, २, ३, ५, ?

विद्यार्थी मित्रांनो, पुढचे वाचण्याआधी आपले उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

तुमच्यापैकी काहींनी ८ लिहिले असेल. शेवटच्या दोन संख्यांची बेरीज केली की पुढची संख्या मिळते : १ + २ = ३, २ + ३ = ५, म्हणून ३ + ५ = ८. काहींनी ७ लिहिले असेल. १ ही संख्या सोडली तर पुढच्या २, ३, ५ या मूळ संख्या आहेत आणि त्यांच्यानंतरची मूळ संख्या ७. एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, ९! त्याचे म्हणणे असे : लागोपाठच्या संख्यांमधील फरक १, १, २ असे आहेत. यांतला प्रत्येक नवा फरक म्हणजे आधीच्या सर्व फरकांची बेरीज. मग पुढचा फरक १ + १ + २ = ४ आणि पुढची संख्या ९.

तिघांपैकी बरोबर कोण? उत्तरपत्रिका तपासणारा एकालाच गुण देईल. पण तिघांचेही नियम दिलेल्या चारही आकड्यांना बिनचूक लागू पडतात. इतकेच काय, तुम्ही मला पाचव्या जागी ४७ ही संख्या हवी म्हणून सांगितलेत, तरी थोडी बीजगणिताची खटपट करून मी असे सूत्र बनवून देईन, की त्यातून १, २, ३, ५, ४७ हे आकडे ओळीने बाहेर पडतील. नुसत्या आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिले, तरी कोणता नियम खरा हे ते सांगणार नाहीत. ते सांगू शकते एकच गोष्ट : हे आकडे आले कुठून?

म्हणून आता या आकड्यांचे मूळ शोधायला आपण पन्हाळ्याला जाऊ.

गडावर जन्मलेला कवी

कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेला हा गड तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. बाजीप्रभूंचा पुतळा, अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे, तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव हे सारे दाखवले जाते, आणि १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज कसे निसटले ती हकीकतही सांगितली जाते. पण याच पन्हाळ्यावर १७२९ साली मोरेश्वर रामचंद्र पराडकर या नावाचा मुलगा जन्माला आला, याची आठवण सहलीत फारशी कोणी काढत नाही. हेच पुढे मोरोपंत या नावाने प्रसिद्ध झालेले पंडित कवी. त्यांचे संस्कृत काव्यशास्त्राचे शिक्षण पन्हाळ्यावरच झाले. तरुणपणी ते बारामतीला गेले, तिथे बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले आणि १७९४ साली तिथेच वारले. सारे महाभारत त्यांनी मराठी आर्यांमध्ये रचले. रामायणे तर त्यांनी शंभराच्या वर लिहिली, असे सांगतात. त्यांपैकी एकात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे येऊच द्यायची नाहीत, असा पण करून त्यांनी तो तडीस नेला आहे. ज्याचा नायक राम, त्या काव्यात 'म' वापरायचा नाही! मोरोपंत गणिती नव्हते, पण अशा माणसाला आकड्यांचे भय नसते, हे कोणीही मान्य करील.

आर्या हे मात्रावृत्त आहे. मात्रावृत्त म्हणजे काय, ते तुम्ही मराठीच्या व्याकरणात शिकला आहात किंवा शिकाल. अक्षरे दोन प्रकारची : लघू आणि गुरू. अ, इ, उ असे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची मात्रा एक. आ, ई, ऊ, ए, ओ असे दीर्घ स्वर असलेले, किंवा अनुस्वाराचे, किंवा ज्याच्यापुढे जोडाक्षराचा आघात येतो ते अक्षर गुरू, त्याच्या मात्रा दोन. गुरू अक्षर उच्चारायला लघूच्या दुप्पट वेळ लागतो, अशी ही साधी समजूत आहे. आपण लघूसाठी 'ल' आणि गुरूसाठी 'ग' लिहू.

एक खुलासा इथेच करतो, नाहीतर कोणीतरी हटकून पत्र पाठवील. 'गड' हा शब्द बोलताना आपण 'ड' अर्धवट उच्चारतो. पण पद्यात तो पुरा एक मात्रेचा मोजतात. म्हणून 'गड' म्हणजे ल ल, मात्रा दोन. आणि 'पन्हाळा' या शब्दात 'न्ह' हे जोडाक्षर असले, तरी मराठी उच्चारात त्याचा आघात मागच्या 'प'वर पडत नाही. तो लघूच राहतो. 'पन्हाळा' म्हणजे ल ग ग, मात्रा पाच.

आता मोजूया

कवीपुढे प्रश्न असा असतो : ठरावीक मात्रांची जागा भरायची आहे. ती लघू-गुरूंच्या किती निरनिराळ्या रचनांनी भरता येईल?

एक मात्रा असेल तर एकच रचना : ल.

दोन मात्रा असतील तर दोन : ग (जसे 'जा') किंवा ल ल (जसे 'गड').

तीन मात्रा असतील तर तीन : ल ग (गुहा), ग ल (बाव), ल ल ल (पवन).

इथे थांबा. एक, दोन, तीन असे आकडे आले आहेत. चार मात्रांच्या रचना चार असणार, असे म्हणण्याचा मोह होतो की नाही? प्रत्यक्ष लिहून पाहू :

ग ग (वाडा)
ल ल ग (नगरी)
ल ग ल (पहाड)
ग ल ल (डोंगर)
ल ल ल ल (धनगर)

पाच झाल्या! आणखी एखादी सापडते का, ते शोधून पाहा; सापडणार नाही. म्हणजे आपली मालिका १, २, ३, ५ अशी झाली आणि आपण पुन्हा त्या तिघा विद्यार्थ्यांच्या भांडणापाशी येऊन पोहोचलो. पाच मात्रांच्या रचना किती? ७, ८ की ९?

आता नुसत्या तर्काची गरज नाही. पाच मात्रांची यादीच करू :

ल ग ग
ग ल ग
ल ल ल ग
ग ग ल
ल ल ग ल
ल ग ल ल
ग ल ल ल
ल ल ल ल ल

आठ. यांतली पहिलीच रचना म्हणजे आपला 'पन्हाळा', आणि चौथी म्हणजे 'अंधार'. उरलेल्या सहांसाठी शब्द तुम्ही शोधा. शेवटची रचना अवघड जाईल, कारण मराठीत पाच लघू अक्षरांचे सुटसुटीत शब्द सहजी आठवत नाहीत.

तर ८ म्हणणारा विद्यार्थी जिंकला. पण तो का जिंकला? त्याच्या नशिबाने आकडा जुळला, असेही कोणी म्हणू शकेल. सहा मात्रांच्या वेळी त्याचा नियम मोडणार नाही कशावरून? पुन्हा यादी करून पाहता येईल. मग सातांची, मग आठांची. पण यादी कुठवर करत बसणार? आर्येच्या पहिल्या चरणात बारा मात्रा असतात. बारा मात्रांच्या यादीला तुमची शंभर पानी वही पुरली तरी धीर पुरणार नाही.

शेवटच्या अक्षराकडे पाहा

वरची आठ रचनांची यादी मी मुद्दाम एका विशिष्ट क्रमाने लिहिली आहे. आपल्याकडच्या छंदशास्त्रात याच क्रमाने ती लिहितात आणि अशा यादीला प्रस्तार म्हणतात. यादीतील प्रत्येक ओळीचे फक्त शेवटचे अक्षर पाहा. पहिल्या तीन ओळी 'ग'ने संपतात, उरलेल्या पाच 'ल'ने संपतात.

आता 'ग'ने संपणाऱ्या तीन ओळींमधला तो शेवटचा 'ग' हाताने झाका. काय उरते? ल ग, ग ल, ल ल ल. म्हणजे तीन मात्रांचीच यादी, तीच आणि तेवढीच! 'ल'ने संपणाऱ्या पाच ओळींतला शेवटचा 'ल' झाका. उरते ती चार मात्रांची यादी.

असे झाले हा योगायोग नव्हे. पाच मात्रांच्या कोणत्याही रचनेचे शेवटचे अक्षर एक तर लघू असेल, नाहीतर गुरू. तिसरा पर्यायच नाही. ते लघू असेल तर त्याच्या आधी चार मात्रा भरलेल्या असणार, आणि चार मात्रा भरण्याचे जेवढे मार्ग तेवढ्याच अशा रचना. ते गुरू असेल तर आधी तीन मात्रा भरलेल्या असणार. कोणतीही रचना दोन्ही गटांत येत नाही आणि कोणतीही बाहेर राहत नाही. म्हणून पाचांच्या रचना = चारांच्या रचना + तिनांच्या रचना.

हा युक्तिवाद पाच या आकड्याला चिकटलेला नाही. पाचाच्या जागी बारा घाला, अठरा घाला, हजार घाला. एकही शब्द बदलावा लागत नाही. यादी न करताच आपण आता पुढे चालू शकतो :

१, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, १४४, २३३…

बारा मात्रांची जागा २३३ प्रकारे भरता येते. अठरा मात्रांसाठी बेरजा करत गेलात, तर ४१८१ हे उत्तर यायला हवे, पडताळून पाहा.

हा नियम सांगणारे पहिले नाव आज आपल्याला माहीत आहे ते विरहांक या छंदशास्त्रज्ञाचे. इसवी सन ६०० ते ८०० च्या दरम्यान केव्हातरी त्याने 'वृत्तजातिसमुच्चय' हा प्राकृत ग्रंथ रचला. त्यानंतर ११३५ च्या सुमारास गोपाल याने आणि ११५० च्या सुमारास गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्र यांनी हीच गोष्ट आणखी स्पष्ट शब्दांत मांडली. इटलीतील पिसा शहराच्या लिओनार्दोने सशांच्या जोड्यांचे आपले प्रसिद्ध कोडे असलेला ग्रंथ लिहिला तो १२०२ साली. जगभर या संख्यांना 'फिबोनाची संख्या' म्हणतात ते या लिओनार्दोच्या टोपणनावावरून. आपल्याकडच्या छंदशास्त्रातील हा इतिहास परमानंद सिंग यांनी १९८५ साली गणिताच्या इतिहासाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात सविस्तर मांडला. कोणी आधी आणि कोणी नंतर, यावर भांडण्यात मला फार रस नाही. मला मौज वाटते ती याची, की एकाने कवितेच्या मात्रा मोजल्या, दुसऱ्याने ससे मोजले आणि दोघांच्या हाती तेच आकडे आले.

तुम्हालाही ते आणखी एका ठिकाणी सापडतील. गडावर चढताना एका वेळी एक पायरी चढायची किंवा एक गाळून दोन चढायच्या, एवढीच मुभा ठेवली, तर दहा पायऱ्यांचा जिना किती प्रकारे चढता येईल? एक पायरी म्हणजे लघू, दोन म्हणजे गुरू, असे मनाशी म्हणा की झाले. उत्तर ८९.

प्रत्यक्ष आर्येत काय होते?

आता थोडे कवीच्या कामाकडे पाहू. २३३ प्रकारे जागा भरता येते, याचा अर्थ कवीला ते सारे चालतात असा नाही. आर्येत चार-चार मात्रांचे गट पाडावे लागतात, त्यांना गण म्हणतात, आणि एका गणातील गुरू अक्षराचा पाय पुढच्या गणात पडून चालत नाही. चार मात्रांच्या रचना पाच, हे आपण पाहिलेच. पहिल्या चरणात असे तीन गण. तेव्हा ५ × ५ × ५ = १२५ रचना राहिल्या. शिवाय पहिला, तिसरा, पाचवा, सातवा अशा विषम जागी ल ग ल ('पहाड') हा गण वर्ज्य आहे; तिथे तो चाल बिघडवतो. म्हणून विषम जागी चारच पर्याय आणि पहिल्या चरणाच्या एकूण रचना ४ × ५ × ४ = ८०. दोनशे तेहतीसपैकी ऐंशीच कानाला गोड लागतात, असा हा हिशेब.

दुसऱ्या चरणात अठरा मात्रा : चौथ्या गणाला ५ पर्याय, पाचव्याला ४, सहाव्याला फक्त २ (ल ग ल किंवा चार लघू), सातव्याला ४ आणि शेवटी एक गुरू. ५ × ४ × २ × ४ = १६०. म्हणजे आर्येची पहिली ओळ ८० × १६० = १२,८०० प्रकारची असू शकते.

दुसऱ्या ओळीत १२ आणि १५ मात्रा असतात. सहाव्या गणाच्या जागी एकच लघू येतो, म्हणून तिथली निवड संपते आणि रचना होतात ८० × ८० = ६,४००. दोन्ही ओळींचा गुणाकार : ८ कोटी १९ लक्ष २० हजार. मोरोपंतांच्या ज्या रचनांना आपण सरसकट आर्या म्हणतो, त्यांतल्या बहुतेक खरे तर गीती या जवळच्या वृत्तात आहेत. गीतीची दुसरी ओळ पहिलीसारखीच असते. तेव्हा तिचे प्रकार १२,८०० × १२,८०० म्हणजे १६ कोटी ३८ लक्ष ४० हजार. मोरोपंतांनी हजारो आर्या लिहिल्या खऱ्या, पण साचे संपण्याची भीती त्यांना कधीच नव्हती.

जिथे कारण नाही, तिथे…

कारण कळलेला नियम आणि नुसता दिसणारा नियम यांत किती अंतर असते, ते दाखवणारे एक उदाहरण घरी करून पाहा. बांगडी ठेवून कागदावर वर्तुळ काढा. त्यावर एक बिंदू घ्या. वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदू घेऊन ते रेषेने जोडा, भाग २. तीन बिंदू घेऊन सर्व जोड्या जोडा, भाग ४. चार बिंदू, भाग ८. पाच बिंदू, भाग १६. आता सहा बिंदूंना किती भाग होतील?

३२ म्हणण्याची घाई करू नका. सहा बिंदू घ्या, पंधराच्या पंधरा रेषा काढा आणि पेन्सिलीने खुणा करत भाग मोजा. भाग भरतात ३१. (बिंदू अगदी समान अंतरावर घेतलेत, तर मधल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतील आणि एक भाग नाहीसा होऊन ३०च मिळतील. म्हणून बिंदू जरा वेडेवाकडे घ्या.) तुमचे मोजणे चुकलेले नाही. दर वेळी दुप्पट होण्याला इथे काही कारणच नव्हते. सुरुवातीचे आकडे तसे दिसत होते, एवढेच.

खरे कारण शोधायचे, तर एकेक रेषा काढताना काय घडते ते पाहा. नवी रेषा काढली की एक भाग वाढतो, आणि ती वाटेत जेवढ्या जुन्या रेषांना छेदते तेवढे आणखी भाग वाढतात. म्हणून एकूण भाग = १ + रेषांची संख्या + छेदनबिंदूंची संख्या. रेषा दोन बिंदूंची निवड केली की ठरते. वर्तुळाच्या आतला छेदनबिंदू चार बिंदूंची निवड केली की ठरतो. पाच बिंदूंना १ + १० + ५ = १६. सहा बिंदूंना १ + १५ + १५ = ३१. सात बिंदूंना १ + २१ + ३५ = ५७. आता मालिका १, २, ४, ८, १६, ३१, ५७ अशी चालते आणि तिचे वळण आपल्याला समजते.

गंमत अशी, की १, २, ४, ८, १६, ३२ ही खरी दुपटीची मालिकाही छंदशास्त्रातच आहे. मात्रा न मोजता अक्षरे मोजली, तर प्रत्येक जागी लघू किंवा गुरू असे दोनच पर्याय असतात आणि एक अक्षर वाढले की रचना दुप्पट होतात. तिथे दुप्पट होण्याला कारण आहे, म्हणून ती सहाव्या पदालाही टिकते आणि साठाव्यालाही.

कागदावरच्या वर्तुळात फसलो तर फारसे बिघडत नाही. पण आकाशातही असेच घडले आहे, आणि आम्हा भौतिकीच्या माणसांना ती गोष्ट विसरता येत नाही. १७६६ मध्ये टिटियस याने आणि १७७२ मध्ये बोडे याने ग्रहांच्या अंतरांची एक मालिका दाखवली. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ असे आकडे मांडा आणि प्रत्येकात ४ मिळवा : ४, ७, १०, १६, २८, ५२, १००. आता पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १० मानले, तर बुधाचे येते ३.९, शुक्राचे ७.२, मंगळाचे १५.२, गुरूचे ५२ आणि शनीचे ९५ च्या आसपास. २८ च्या जागी मात्र कोणी नव्हते. मालिकेत पुढची संख्या १९६. आणि १७८१ साली विल्यम हर्शेलला युरेनस सापडला, तो १९२ वर! साऱ्या ज्योतिर्विदांचा या नियमावर विश्वास बसला. मग २८ ची रिकामी जागा शोधू लागले, आणि १८०१ च्या पहिल्याच दिवशी पियाझीला सेरेस सापडला, २७.७ वर. आता कोण शंका घेणार?

पुढची संख्या ३८८. युरेनसच्या गतीतील बिघाडावरून पलीकडच्या अज्ञात ग्रहाची जागा काढायला इंग्लंडमध्ये ॲडम्स आणि फ्रान्समध्ये ल व्हेरिए बसले, तेव्हा दोघांनीही अंतरासाठी सुरुवातीला याच मालिकेचा आधार घेतला. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला नेपच्यून सापडला. ल व्हेरिएने सांगितलेल्या दिशेपासून तो एक अंशदेखील दूर नव्हता, कारण दिशेचे गणित न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमावर उभे होते. अंतर मात्र निघाले ३०१. ३८८ नव्हे! आठ जागी जुळलेली मालिका नवव्या जागी उघडी पडली. ग्रहांनी दर वेळी सुमारे दुप्पट अंतर का ठेवावे, याचे उत्तर टिटियसने दिले नव्हते, बोडेनेही दिले नव्हते.

याउलट गॅलिलिओची मालिका पाहा. वरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात जेवढे अंतर पडतो, त्याच्या तिप्पट दुसऱ्या सेकंदात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात : १, ३, ५, ७. ही विषम संख्यांची मालिका हवेचा अडथळा नगण्य असेल तिथे आजही टिकून आहे, कारण तिच्यामागे एक साधी गोष्ट आहे : दगडाचा वेग दर सेकंदाला सारखाच वाढतो. पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. पडताळा हवा तर शाळेत तिरप्या फळीवर गोटी सोडून पाहा; सज्जा कोठीवरून दगड टाकून पाहू नका, खाली माणसे असतात.

आता तुमची पाळी

जाता जाता एक जुने भारतीय कोडे देतो. नारायण पंडित या गणितज्ञाने १३५६ साली लिहिलेल्या 'गणितकौमुदी' या ग्रंथात ते आहे. एक गाय दर वर्षी एका कालवडीला जन्म देते. प्रत्येक कालवड तीन वर्षांची झाली की तीही दर वर्षी एकेक कालवड देऊ लागते. वीस वर्षांनंतर एकूण गाई किती?

सुरुवातीचे आकडे मी काढून देतो. पहिल्या वर्षाअखेर २, दुसऱ्या ३, तिसऱ्या ४. चौथ्या वर्षी मूळ गाय आणि तिची थोरली लेक अशा दोघी वितात, म्हणून ६. पुढच्या वर्षी ९.

२, ३, ४, ६, ९, ?

आकड्यांकडे पाहून नियम ओढूनताणून काढू नका. गोठ्यात उभे राहा आणि विचारा : यंदा ज्या गाई आहेत, त्यांतल्या गेल्या वर्षीच्या किती? नव्या किती जन्मल्या आणि त्यांच्या आया तीन वर्षांपूर्वी कुठे होत्या? नियम हाती आला की बेरजा करत वीस वर्षांपर्यंत जा. नारायण पंडितांचे उत्तर २७४५ आहे. तुमचेही तेच यायला हवे.

ते आले की पन्हाळ्याच्या पायऱ्यांकडे पुन्हा या. या वेळी एका वेळी एक पायरी चढायची किंवा एकदम तीन, दोन मुळीच नाहीत. असा बावीस पायऱ्यांचा जिना चढण्याचे प्रकारही २७४५च होतात. गाई आणि पायऱ्या यांचे हे नाते कसे जुळले, ते शेवटच्या पावलाकडे पाहून शोधा.